टेस्टिंगचे तीन शब्द

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. मला कान आहे, तोंड नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे रडगाणं त्याचंच आहे.

कारखान्यातून मी थेट रेडिओ केंद्रात आलो. माझ्यासमोर बसणारे सगळे "एक, दोन, तीन" म्हणून आवाज जुळवून घेत. शरीर आणि आरोग्यावर कार्यक्रम करायला आलेल्या बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी मला दोन टिचक्या मारल्या आणि खणखणीत म्हणाल्या,

"योनी. शिश्न. गर्भाशय."

काचेपलीकडचे तंत्रज्ञ कानापर्यंत लाल.

"बाई, टेस्टिंगला आकडे चालतात हो!"

"इथेच अडखळले तर घराघरात कसे पोचतील हे शब्द?"

केंद्राचे साहेब धावत आले. "फुलांचं वगैरे उदाहरण द्या ना."

"साहेब, ऐकणाऱ्यांच्या अंगात फुलं नाहीत."

त्याआधी रेडिओवर असलं कुणी बोललं नव्हतं. पत्रांची पोती आली. वर शिव्या, खाली दबलेले प्रश्न. कुठल्याच प्रश्नाला बाई हसल्या नाहीत.

टेस्टिंगचा किस्सा गावभर झाला होता. शाळेत त्यांच्या मुलाला पोरं "ए टेस्टिंग!" अशी हाक मारत. एकदा तो स्टुडिओत येऊन म्हणाला, "आई, तू हवामान सांग ना त्यापेक्षा." बाईंनी त्याला पोटाशी धरलं. कार्यक्रम मात्र सोडला नाही.

(इथे पुष्कळ वर्षं गेली. नवे माईक आले. माझी वायर कापली.)

निवृत्तीला बाईंनी मला मागून घेतलं. मी त्यांच्या खोलीतल्या कपाटावर धूळ खात होतो, पण सुखात होतो. मग त्यांना मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले. शब्द गेले, सगळेच्या सगळे, लिहिण्यातलेसुद्धा.

एका सकाळी मुलगा फोनवर सांगत होता, "डॉक्टर, आईच्या पोटात दुखतंय."

बाई जोरजोरात मान हलवू लागल्या. नाही. नाही.

"अहो, पोट नाही हो," सून म्हणाली. "हात बघा ना, खाली ठेवतायत."

"हळू बोल! फोन चालू आहे." मग फोनमध्ये, "हो हो, पोटच."

बाई भिंत धरत माझ्यापाशी आल्या. दोन टिचक्या मारल्या. तोंड उघडलं.

"                    "

मित्रांनो, मला तो शब्द पाठ होता.

पोटाची औषधं आली, संपली, पुन्हा आली. गाठ सापडली तेव्हा फार उशीर झाला होता. "इतके दिवस सांगितलं का नाही?" असं दवाखान्यात विचारलं म्हणे.

सांगत होत्या की.

माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण घरात कुणी कण्हलं, तर नेमकं कुठे ते विचारा. उत्तर ऐकून मान खाली घालू नका. तुमचं दुखलं, तर त्या जागेचं नाव घ्या.

बाई गेल्यावर मुलगा कपाट आवरायला आला. त्याने मला हातात घेतलं. दार लोटलं, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा सताड उघडलं. दोन टिचक्या मारल्या.

"योनी," तो म्हणाला. आवाज फाटला. पुन्हा, मोठ्याने, "योनी. आई, योनीत दुखतंय ना तुझ्या?"

मी शब्द न् शब्द ऐकला. पण पुढे कुणाकडे पोचवणार?