बोटीच्या नावाचा पासवर्ड

उन्नतीने पासवर्ड कोणालाच दिला नव्हता, अगदी नवऱ्याला, दर्पणलासुद्धा नाही. देवाशप्पथ! तरी काल तिच्या नावाने कोणीतरी बोईसरच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये शिरलं आणि गिऱ्हाइकांना दिलेले भाव बघून गेलं.

किनाऱ्यावरच्या नवापुरात घरी बसून लॅपटॉपवरून ती त्याच कॉम्प्युटरवर काम करायची. लेक स्वरा अजून रांगती, सासू जमना रोज मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात, दर्पण समुद्रावर. घरून काम बंद झालं की नोकरी गेलीच समजा.

कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कमलेशचा फोन आला. "मॅडम, पासवर्ड मला सांगू नका. फक्त आठवा, तो कोणाला ओळखता आला असता का? शिरणाऱ्याने दोन-तीन खेपांतच बरोबर टाकलाय."

उन्नतीला लगेच उलगडलं. कोळ्याच्या घरात बोटीचं नाव कशाला देत नाहीत? स्कूटरवर तेच, फाटकावर तेच. हिनेही तेच केलं होतं, बोटीचं नाव आणि पुढे तिचा नंबर. आणि सासूच्या नावाची ती 'जमनाई' नाव-नंबर हातभर अक्षरांत रंगवून सगळ्या किनाऱ्यासमोर! वर तिच्यापुढे नारळ फोडतानाचा फोटो हिनेच अख्ख्या ऑफिसला पाठवलेला. घ्या आता!

तेवढ्यात साहेब फोनवर आले. "घरातल्याच कोणीतरी केलं असेल. मिस्टरांनी वगैरे. तसं सांगून टाका, मी मिटवतो. घरून काम चालू ठेवा."

तोंडाशी आलेलं 'हो' तिने गिळलं. दर्पणने त्या लॅपटॉपला कधी हात लावला नव्हता.

"नाही साहेब. घरचं कोणी नाही. चूक माझी. कोणीही ओळखावा असाच पासवर्ड मी ठेवला होता."

"मग उद्यापासून ऑफिसात या," म्हणत साहेबांनी फोन ठेवला.

फोन स्पीकरवरच होता. ओटीवर बाजारासाठी बोंबील निवडणाऱ्या जमनाने सगळं ऐकलं होतं. हात धुऊन ती आत आली आणि तिने स्वराला कडेवर घेतलं.

"जा तू कामाला. पोरीला मी बघते."

"आणि बाजार?"

"माज्या जागेवर शेजारची साखरबाई बसंल. तू माज्या पोराचं नाव राखलंस, मग मी बाजार सोडला तर काय झालं?"

उन्नतीला हुंदका आवरेना. "आई, आता नवा पासवर्ड..."

"मला नको सांगू बाय," जमना म्हणाली. "तुजं कौतुक करायला लागले का माज्या पोटात काय राहत नाय."