मुलीची शाखा

चैत्राचं ऊन चामराजपेटेतल्या आमच्या मागच्या अंगणात उतरलं, की यमुनाक्का गोड्या मसाल्याची कढई चढवायची. दगडफूल, तीळ, खोबरं एकामागून एक भाजलं जाई आणि तो काळसर, गोडूस दरवळ गल्लीच्या तोंडाशी जाऊन पहारेकऱ्यासारखा उभा राही. मग मुसळ पडू लागे. त्या आवाजात घाई नसे, विनवणी तर मुळीच नसे. सत्तरी उलटलेली ती कृश बाई मुसळ उचलताना टाचा किंचित वर करी, आणि उन्हाची तिरीप तिच्या मनगटावरून अशी सरके, जणू तिथे कधीकाळी फुटलेल्या बांगड्यांची जागा प्रकाशच भरून काढत होता. हे मी तिला वाचून दाखवलं असतं तर म्हणाली असती, "पुरे गं सिंधू, चाळणी आण."

ती माझ्या बाबांची आत्या. कोवळ्या वयात विधवा झाली. सासरने परत पाठवलं, माहेरने ओसरीपुरतं ठेवून घेतलं. पुढे भाऊ-भावजय साथीत गेले, तेव्हा त्यांचं तान्हं पोर कडेवर घेऊन ती बेंगळुरात उतरली. आमच्या कुळातल्या कुणीही तोवर हे गाव पाहिलं नव्हतं. इथल्या मराठी घरांना मसाले कुटून देत तिने ते पोर वाढवलं, आणि त्या पोराची आम्ही मुलं. एवढंच ठाऊक होतं. जास्त विचारलं की ती मुसळाचा वेग वाढवी.

पन्नासचं दशक सरता सरता ती गेली. थोड्याच दिवसांत पुण्याहून तात्या आले, बाबांचे चुलतभाऊ. कुलवृत्तांत छापायचा होता. बेंगळूरच्या शाखेचा मूळपुरुष म्हणून त्यांनी बाबांचं नाव आधीच घातलं होतं.

"मूळपुरुष कडेवर बसून आला," मी म्हटलं.

"पुरावा दे."

मी माळ्यावरून तिची भांडी उतरवली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. तिने पाटी-पेन्सिल फारशी हाती धरली नाही, पण तिचं आयुष्य पितळेवर टिंबाटिंबांनी ठोकलेलं होतं. सर्वांत जुन्या तपेलीवर सासरचं आडनाव कानशीने घासून काढलेलं, आणि त्या खरवडलेल्या जागेखाली नुसतं ‘यमुना, बेंगळूर’. पुढची कळशी तिच्याहून मोठी, मग परात, मग चार घरांचा मसाला मावेल असा डबा. भांड्यांगणिक अक्षरं थोराड होत गेलेली, नदीचं पात्र रुंदावत जावं तशी. बाबांच्या मुंजीच्या ताम्हनावर देणाऱ्याच्या जागीही तीच, एकटी.

तात्यांनी चष्मा पुसून प्रत्येक भांडं उजेडात धरलं. माणूस प्रामाणिक.

"आली तीच आधी, कबूल. पण मुलीची शाखा नसते गं. ती दुसऱ्या गोत्रात गेली."

"गेली होती. त्यांनी ठेवली नाही."

"मग मी काय वंशवृक्ष उलटा टांगू?"

"झाडाचं तुम्ही बघा. तिचं नाव सर्वांत वर."

"खाली टीप देतो. बारीक टाइपात, पण सविस्तर."

"टिपेत नाही."

माझा भाऊ चुळबुळला. त्याला त्या पुस्तकात आपल्या मुलांची नावं हवी होती. "स्वल्प, थोडं समजून घे ना, अक्का. टीप तर टीप. नाहीतर आपण सगळेच गळू."

"मग गळू," मी म्हटलं, आणि आमच्या घराची माहिती लिहिलेले कागद तात्यांच्या पिशवीतून काढून घेतले. तात्यांनी हात आडवा घातला नाही. जाताना एवढंच म्हणाले, "तिच्यावरच गेलीस."

यथाकाल पुस्तक आलं, जाडजूड, लाल बांधणीचं. इंदूर आहे, नागपूर आहे, कराचीसुद्धा आहे, बेंगळूर नाही. भाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नाही. उद्या कुणी ते चाळेल आणि समजेल, की या कुळातलं माणूस या गावी आलंच नाही. समजू दे. तिला एकटीला गाळून काळ पुढे गेला असता, तर तिची आठवणसुद्धा कुणाला आली नसती. आता त्या पानांत आमच्या सगळ्या घराएवढं भगदाड आहे, आणि त्याच्या अगदी वरच्या टोकाला ती उभी आहे.