लाल टिकलीवाल्या

आमची सून सुरुची पानांवर पीएचडी करत होती. अख्ख्या पानावर नाही, पानातल्या पेशीच्या आवरणावर. तेही अख्खं नाही, त्यातल्या चकत्यांवर. नवघरच्या आमच्या सोसायटीत कुणी विचारलं तर मी सांगायचो, सून डागांचा अभ्यास करते. लोक आधी आपला शर्ट बघायचे.

तिने मला एकदा नीट समजावलं होतं. पेशीचं आवरण तेलासारखं पातळ, पण गार आमटीवर तूप गोठावं तशा त्यात घट्ट चकत्या तरंगत असतात. गारठ्यात साबण घातला तरी त्या विरघळत नाहीत. जमिनीत मीठ वाढलं की पेशीची राखणदार प्रथिनं या चकत्यांत गोळा होतात, असं तिचं म्हणणं. ते सिद्ध करायला टोमॅटोची रोपं लावली होती. कॉलेजच्या काचघराची दुरुस्ती निघाली आणि कुंड्या आमच्या गॅलरीत आल्या. अर्ध्यांना गोडं पाणी, अर्ध्यांना मिठाचं. मिठाच्या कुंड्यांवर तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि पाणी घालायचं काम शैलाकडे, म्हणजे आमच्या हिच्याकडे सोपवलं.

ते २००७ साल. नळाला पाणी एक दिवसाआड, बाकी सगळं बोअरचं खारं. त्याच सुमारास माझा चहा अर्ध्या कपावर आला. विचारलं तर हिने वयाचं कारण दिलं. माझ्या वयाचं.

रोपं मात्र झकास वाढली. सुरुची पानं बर्फात घालून लॅबला न्यायची आणि तोंड पाडून परत यायची. दोन्हींच्या चकत्यांत काडीचा फरक नाही. एकदा जेवताना तिने सांगितलं, सर विषय सोडायला सांगतायत. कल्पनाच चुकली असेल म्हणाली, आणि ताटावरच रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. एकही विनोद सुचला नाही.

हिने गॅस बंद केला.

"लाल टिकलीवाल्यांना मी मीठ घातलंच नाही गं," ती म्हणाली. "ते मिठाचं पाणी मोरीत ओतायचे. त्यांनाही पिण्याचंच द्यायचे. एका कुंडीला गोडं आणि शेजारचीला खारं, माझ्या हातून होईना."

आता घरात महाभारत होणार असं मला वाटलं. सुरुचीने डोळे पुसले.

"म्हणजे मी चुकले नव्हते?"

"तू नाही. मी."

सुरुची हसायलाच लागली. मग नवी रोपं लावली. पाण्याचं काम माझ्याकडे द्या म्हटलं, तर दोघी एकदम नको म्हणाल्या. ते हिच्याकडेच राहिलं. ही तोंड फिरवून खारं घालायची आणि रोपांची माफी मागायची. पानांच्या कडा करपल्या, तसा हिचा चेहरा उतरत गेला.

शेवटी एका संध्याकाळी सुरुची पेढे घेऊन आली. मिठाच्या पानांत प्रथिनं खरंच चकत्यांत गोळा झाली होती. ती भराभर सांगत होती आणि ही गॅलरीकडे बघत होती.

"झालं ना तुझं काम?" हिने विचारलं.

"झालं, आई."

"मग आता त्यांना गोडं देऊ?"

सुरुचीने पिण्याच्या पिंपातून स्वतः तांब्या भरला आणि हिच्या हातात दिला. त्या संध्याकाळी चहा झालाच नाही. मी विचारलंही नाही.