पालकसभेतली उडती सतरंजी

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही. बसूच नये, इतकं ते खरं आहे. मी उडालेली आहे. हो, मीच! जिच्यावर तुम्ही आत्ता खिचडीची ताटं घेऊन बसला आहात, आणि मागच्या रांगेतला कुणीतरी जिच्या घडीत नको असलेली वांग्याची फोड हळूच दडवतो आहे, तीच मी. दडव बाबा. मी काही बघितलेलं नाही.

मी एक जुनी सतरंजी आहे. तुमच्या याच जिल्हा परिषदेच्या शाळेची. अंगावर निळे-पांढरे पट्टे आणि मधोमध एक लाल. तो लाल आता विटकरी झाला आहे, पण मी नवी होते तेव्हा त्याच्याकडे बघताना लोक डोळ्यांवर हात धरत.

माझा जन्म बीडच्या पेठेतल्या एका बोळात झाला. तिथे खाजामियाँ नावाच्या विणकराचा माग होता. खड्ड्यात पाय सोडून ते बसायचे आणि विणता विणता माझ्याशी बोलायचे. निळे पट्टे झाले, पांढरे झाले आणि लाल सूत संपलं. बाजार बंद. मग खाजामियाँनी काय करावं? सुताची लड खांद्यावर टाकली, मांजरसुंब्याचा घाट गाठला, आणि डोंगराला टेकलेल्या मावळत्या सूर्यात ती बुचकळून, पिळून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सूर्य जरा फिका उगवला होता. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांना आठवत नसेल, तर त्या दिवशी त्या उशिरा उठल्या असतील.

शाळेचे गुरुजी मला न्यायला आले तेव्हा खाजामियाँनी माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि बजावलं, "गुरुजी, इसकू घसीटना मत. उठाके लेना, उठाके बिछाना. बच्चे बैठेंगे तो इसकू भी थोडा इल्म चढेगा."

आणि खरंच चढला. पहिली ते चौथी मी इतक्यांदा शिकले आहे, की माझ्या घडीत राहणाऱ्या उंदरालासुद्धा सतराचा पाढा येत होता. एकोणीसला तो अडखळायचा, पण तिथे तर माणसंही अडखळतात. माझ्यावर बसून पोरांनी पाट्या पुसल्या, पेन्सिली खाल्ल्या, एकमेकांच्या वेण्या बांधल्या. या उजव्या बाजूला तो फिकट डाग दिसतो ना? पहिलीतल्या एका पोराला बाईंचा धाक वाटला, तेव्हाचा आहे. त्याचं नाव मी कधीच सांगणार नाही. पंडित.

गावात माझी वाहवा फार. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या दारी दुःख असो, हाक एकच, "शाळेची सतरंजी आणा रे!" नवरदेव माझ्यावर रुसले आणि माझ्यावरच हसले. रडायला आलेल्या बायाही माझ्यावरच टेकल्या. मी कुणाला कधी नाही म्हटलं नाही.

मग पिवळ्या गाड्या आल्या. सकाळी गावात भोंगा वाजवायच्या आणि टाय लावलेली पोरं घेऊन नेकनूरच्या वाटेला लागायच्या. आपल्या वर्गात जागा उरू लागली. मला गुंडाळून तांदळाच्या पोत्यांवर टाकलं गेलं. उंदीरही कंटाळून निघून गेला. शाळेत उरल्या एकट्या सत्यशीला मॅडम, चारही वर्गांना मिळून एक. एका वर्गाला गणित घालायचं, दुसऱ्याला शुद्धलेखन, तिसऱ्याला गप्प बसायला सांगायचं, की तोवर चौथा भांडायला लागलेला.

मला बाहेर काढायचे ते फक्त पालकसभेला. मित्रांनो, पालकांची मतं तुम्ही समोरून ऐकली असतील. मी ती खालून ऐकली आहेत. पुढच्या पट्ट्यावर मोहनराव बसत. शेतीवाडी मोठी, गावात शब्दाला मान. त्यांच्या शेजारी पंडित, आता टेम्पो चालवणारा, डागाची बाजू सोडून बसणारा. दोघांचीही पोरं पिवळ्या गाडीने जाणारी, पण मतं मात्र इथे येऊन मांडणार.

"मॅडम, हितं काय शिकिवता का नुसती खिचडी वाढता?" पंडित विचारायचा. "आमचं पोरगं तिकडं फडाफडा इंग्रजी झाडतंय."

"काय म्हणतंय इंग्रजीत?" मॅडम शांतपणे विचारायच्या.

"ते मला काय म्हाईत! पन लई म्हणतंय."

मोहनराव मान हलवत म्हणायचे, "गुणवत्ता राहिली न्हाई, मॅडम. आमच्या टायमाला शाळा व्हती."

त्यांचे पाय मात्र माझ्यावर ऐसपैस पसरलेले असायचे.

एकदा तिकडच्या इंग्रजी शाळेचं स्नेहसंमेलन होतं. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून त्यांनी मलाच मागून नेलं. मागच्या बाजूला मला अंथरलं, आणि माझ्यावर येऊन बसले कोण? मोहनराव आणि पंडित! बूड तेच, सतरंजी तीच. पण गुडघे पोटाशी घेतलेले, हात मांडीखाली. माईकवर कुणीतरी पुष्कळ वेळ इंग्रजीत बोललं. पंडित टाळ्या वाजवायच्या वेळा बाजूच्याकडे बघून ठरवत होता. कार्यक्रम संपेपर्यंत त्यांना कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही तोंड उघडलं नाही. त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. माणूस पाय पसरून शिव्या देतो तो फक्त आपल्याच घरात.

आता मूळ गोष्ट सांगते. सावरून बसा.

थंडीचे दिवस होते. आपल्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे आईबाप आत्ताही फडातच आहेत. त्या वर्षी सायलीची आई जानकीबाई कडा गावच्या साखर कारखान्याकडे तोडीला गेली होती. सायली मागे राहिली, आजीजवळ, छबुबाईजवळ. शाळा इथे होती म्हणून राहिली.

आणि नेमकी तेव्हाच वरच्या ऑफिसातून विचारणा आली. पोरं कमी झाली, तर ही शाळा हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळायची का? पालकांचं मत काय? मॅडमनी सभा बोलावली. मला पोत्यांवरून उतरवलं, झटकलं, अंथरलं. मी किती शिंकले म्हणून सांगू!

गावाची एक रीत होती. सतरंजीवर बसेल तो बोलेल, फरशीवर बसेल तो ऐकेल. ही रीत कुणी काढली ते मला ठाऊक नाही, माझं नाव उगाच त्यात गोवलं गेलं. आईबाप फडात, त्यामुळे पोरांच्या आज्ज्या आल्या होत्या. त्या नेहमीप्रमाणे दाराशी, गार फरशीवर, पदर घेऊन बसल्या. माझा मागचा अर्धा भाग मोकळाच होता.

मोहनराव म्हणाले, "मिसळून टाका. मोठ्या शाळेत मास्तर जास्ती, वर्ग जास्ती. पोरांचंच भलं हाय."

"आन् हायवे?" दारातून आवाज आला. छबुबाई. "दिसरात ट्रका पळत्यात. कोन न्हील पोरान्ला? माझे गुडगे तर हे आसे."

"मावशे, गाडी लावू की," पंडित म्हणाला.

"कवा? तुझा टेम्पो आदी धक्का मारल्याबिगर चालू होतो का बघ."

दाराशी सगळ्या आज्ज्या हसल्या. पंडित चिडला. "आगं, पालकांची सभा हाय ही. पालक सतरंजीवर बसत्येत. तू कावून मदी बोलतीस?"

मोहनराव मॅडमकडे वळले. "सगळ्या पालकांचं एकमत झालं, असं सांगा वर."

मॅडमच्या हातातला खडू मोडला. छबुबाईचा पदर तोंडाला गेला. शाळा गेली तर सायलीला कुठे ठेवायचं? मग जानकीबाई तिला घेऊन फडावर जाणार. उसाच्या पाचटाची झोपडीवजा कोपी, पहाटेची थंडी आणि पोरीच्या हातात कोयता. हे छबुबाईच्या श्वासात मला ऐकू येत होतं.

आणि मित्रांनो, मला राग आला. मी उठले!

एक गचका दिला आणि मोहनराव आणि पंडित यांच्यासकट खिडकीतून बाहेर. पंडितने डोळे मिटून घेतले, आणि त्याच जुन्या डागाजवळ मला थोडीशी भीती वाटली. खाली नेकनूरचं शिवार दिसलं, मांजरसुंब्याचे ढाबे दिसले. एका ढाब्याच्या धुराने मला जरा ठसका लागला, तेवढीच मी वाकडी झाले. मोहनरावांची टोपी वाऱ्याने नेली, ती एका घारीने झेलून परत आणून दिली. कड्याच्या साखर कारखान्याच्या धुराड्याला वळसा घालून मी थेट उसाच्या फडावर थांबले. खाली जानकीबाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होती. तिने वर बघितलं. मोळी तशीच डोक्यावर.

"मोहनराव आबा! तुमी वर काय करताव?"

"मत घ्यायला आलोय," मोहनराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

"मंग घ्या," जानकीबाई म्हणाली. "रोज सांजच्याला सायली मला फोनवर धडा वाचून दाखविती. मी मोळ्या बांदत ऐकती. काल तिनं ससा आन् कासवाचा वाचला. मला म्हाईत नव्हतं कोन जितलं ते. ह्या हाताला कदी पुस्तक आलं न्हाई, आबा. माझ्या पोरीची शाळा नगा हलवू."

परतीच्या वाटेवर मोहनरावांनी दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं होतं. भीतीने की कशाने, ते मी विचारलं नाही.

मी परत आले ती खिडकीतून आत, आणि उतरले ती थेट दाराशी, आज्ज्यांच्या बुडाखाली! त्यामुळे झालं काय, की रीतीप्रमाणे आता सगळ्या आज्ज्या सतरंजीवर होत्या. छबुबाईने पाय पसरले. पदर खोचला.

"आता मी बसले सतरंजीवर," ती म्हणाली. "आता आयका. शाळा लई चांगली हाय आसं मी म्हणत न्हाई. संडासाला पानी न्हाई. दुसरे मास्तर येनार व्हते, त्ये वाटंतच हारवले. मॅडम बिचारी चार वर्गात चौघीवानी पळती. मी तिला बी बोलती, कदी कदी लई बोलती. पन मोहनराव, तुमची पोरं हायेत का ह्या शाळंत? न्हाईत. मंग तुमचं मत तुमच्या पोरांच्या शाळंत द्या. तितं देता का?"

मोहनरावांनी माझ्या लाल पट्ट्याकडे बघितलं.

"तुमी सारके गुणवत्ता, गुणवत्ता करताव," छबुबाई म्हणाली. "मला त्यातलं येवडंच कळतं. ह्या साली माझ्या नातीच्या हातात कोयता न्हाई, पुस्तक हाय."

मग मॅडमनी हात वर करायला सांगितले. फडावरच्या लेकींच्या वतीने आज्ज्यांचे हात वर गेले, सुरकुतलेले, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेले. मोहनरावांनी एकदा छबुबाईकडे बघितलं, आणि त्यांचाही हात वर आला. पंडितने त्यांचं बघून केला, टाळ्यांसारखाच.

तुम्ही आज माझ्यावर बसून खिचडी खाता आहात, म्हणजे पुढे काय झालं ते तुम्हाला दिसतंच आहे. संडासाला आता पाणी आहे, मोहनरावांच्या विहिरीवरून पाइप आला. दुसरे मास्तर अजून वाटेतच आहेत. पण सभेला आज्ज्या पुढच्या पट्ट्यावर बसतात, आणि मॅडमना बोलायचं ते पाय पसरून बोलतात. बोलू द्या. ज्या शाळेला कुणी नावंच ठेवत नाही, ती शाळा कुणाचीच नसते.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मी म्हातारी झाले आहे. जेवण झालं की शितं झटका, ऊन दाखवा, चौघांनी चार टोकं धरून घडी घाला. आणि खाजामियाँ सांगून गेले ते विसरू नका. मला उचला, ओढू नका. ओढली की वीण उसवते. माझ्या या कोपऱ्याकडे बघा, जिथे सायली बसली आहे. हे तुटलेले दोरे दिसतात? मी फडावरून परत येताना वारा इतका जोराचा होता, की उतरताना हा कोपरा दाराच्या चौकटीला अडकला आणि...

"खोटं! लई खोटं!"

सायली उठून उभी राहिली होती. हाताला खिचडी तशीच.

"तू कुटं बी उडाली न्हाईस! आईचं सगळं आज्जीनंच सांगितलं. आन् ह्यो कोपरा तिच्याच हातात व्हता! साऱ्या आज्ज्यांनी मिळून तुला वढली, आन् मोहनराव आबा आन् पंडितकाका वर बसल्याले तसेच घसरत दारापोत्तर आले! मी बगितलंय. आज्जी म्हनली पन, 'आगं बया, हे तर मोळीपरीस हलकं हाय!'"