भिंतीवरचं बटण

ऑस्ट्रेलियातल्या कुनांबलचा उन्हाळा असा, की माश्याही उडायचं सोडून सावलीसावलीने चालत जातात. त्या गावात मर्विन टकवेल नावाचा म्हातारा राहायचा. घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी भिंतीवरचं एकूण एक बटण बंद केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. टोस्टर, टीव्ही, किटली, सगळं. बापाने लावलेली सवय. "वणवा दारात आला तरी हा आधी बटणं बंद करील, मग पळेल," असं त्याची बायको डॉट सांगत फिरायची.

घरात फोनची लाइन एक आणि कॉम्प्युटर दोन. मर्विनचा पुढच्या खोलीत, घोड्यांच्या शर्यती बघायला. डॉटचा मागच्या पडवीत. मधून बोळभर एक निळी तार. कुत्रा रोज तिला अडखळायचा आणि रोज नव्याने चकित व्हायचा. इंटरनेट आधी मर्विनकडे येणार, मग तारेतून डॉटकडे जाणार. येणार म्हणजे रांगत येणार. घोड्याचा फोटो उघडला तर शेपूट दिसेपर्यंत घोडा म्हातारा झालेला असे.

जोडून देणाऱ्याने बजावलं होतं, "मर्व, तुझा चालू तोवरच डॉटचा चालू."

तरी क्लबात बोल्स खेळायला, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायला, निघताना मर्विनचा हात भिंतीकडे जायचाच. मग पडवीतून आरोळी यायची, "मर्व! मेल्या, मी अर्ध्या वाक्यात होते!"

ती वाक्यं असायची धाकट्या बहिणीला. इल्मा हो​बार्टला राहायची. आईचं शिवणयंत्र कोणी घ्यायचं यावरून दोघी एकोणीस वर्षं बोलल्या नव्हत्या. शिवता दोघींनाही येत नव्हतं, ती गोष्ट वेगळी. त्या फेब्रुवारीत इल्माने आपणहून चार ओळी लिहिल्या, आणि मग रोजचंच झालं.

मार्चमधल्या एका दुपारी तिने लिहिलं, "ईस्टरला येऊ का? हो की नाही ते एकदा सांग. मी पुन्हा विचारणार नाही."

डॉटने "ये गं, वेडे" असं लिहून धाडलं आणि नाचतच स्वयंपाकघरात गेली. "मर्व, इल्मा येतेय! ऐकलंस का?"

मर्विनने ऐकलं. डोक्यावर टोपी होती आणि बोट भिंतीवरच्या बटणावर. ते नुकतंच बंद झालेलं.

तो दबकत पडवीत गेला. पडद्यावर चौकट उभी होती: निरोप गेला नाही. पुन्हा पाठवायचा?

पुन्हा पाठवायचा म्हणजे पाच मिनिटं मोडेमचं किंचाळणं, दहा मिनिटं डॉटचं. क्लबात तिघे खोळंबलेले. उद्या बोलतीलच की दोघी, असं म्हणत त्याने चौकट मिटवली आणि खेळायला गेला. त्या दिवशी तो जिंकलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी इल्माचा निरोप आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. "सामान बांधत असेल," म्हणत डॉटने मागच्या खोलीतला पलंग सजवला. गुड फ्रायडेला डब्बोहून बस आली. तिच्यातून ड्रायव्हर उतरला आणि कोंबड्यांचा एक खुराडा उतरला. बस वळून निघून गेली तरी डॉट उभीच.

"फोन कर की तिला," मर्विन म्हणाला.

"मी 'ये' म्हटलंय. आता काय पाय धरू?"

खरं त्याच्या जिभेवर आलं होतं. ते त्याने ईस्टरच्या गोड पावाबरोबर गिळलं. आज गिळलं म्हणून उद्या जड गेलं, आणि उद्या जड गेलं म्हणून अडीच वर्षं.

मग हो​बार्टहून पत्र आलं. इल्मा गेली होती.

डॉट टेबलाशी बसली. "माझं 'ये' वाचूनही आली नाही. इतका कसला गं राग?"

"डॉट," मर्विन म्हणाला, "तिने वाचलंच नाही." आणि त्याने बटणापासून सगळं सांगितलं.

डॉट ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चौकटीत काय लिहिलं होतं?"

"पुन्हा पाठवायचा का, असं."

"मग तू काय दाबलंस?"

"नाही."

ती उठून मागच्या खोलीत गेली. पलंग अजून तसाच होता, चादर ताणलेली. तिने ती ओढून काढली. चाळीस वर्षं त्या घरात चादरीची दोन टोकं तिच्या हातात आणि दोन त्याच्या हातात असायची. मर्विनने सवयीने हात पुढे केले.

डॉटने चादर हनुवटीखाली धरली आणि एकटीनेच, वेडीवाकडी, घडी घातली.