परीक्षकांचे कान

कान बिनचूक तपासायचे असतील तर माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवू नये. त्यातून तो गाण्याच्या स्पर्धेचा परीक्षक असेल तर मुळीच नाही.

असेच एक परीक्षक बायकोला घेऊन माझ्या कानाच्या दवाखान्यात आले. स्पर्धेत त्यांनी सख्ख्या मेहुण्याला पहिला नंबर दिला होता. मेहुण्याने तान घेतली तेव्हा रखवालदाराने आग लागली समजून सभागृहाची सगळी दारं उघडली होती. स्पर्धेच्या समितीचं म्हणणं सरळ होतं : कान गेले असतील तर मानाने निरोप, शाबूत असतील तर हकालपट्टी.

"हे ठार बहिरे झालेत हो," बाई म्हणाल्या. ठार बहिऱ्या माणसाने लगेच मान डोलावली.

मी त्यांचा चष्मा काढला, आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन नीट कानावर चढवला, आवाज आला की दाबायचं बटण हातात दिलं. बाई बाहेर माझ्याशेजारी बसल्या. आवाज सोडत गेलो. ढिम्म. मोठा सोडला. पापणी लवली, पण बटणावरचं बोट हललं नाही. नाटकातली प्रेतंसुद्धा यापेक्षा बरं काम करतात.

मग मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं : 'आवाज आला की हो म्हणा. नाही आला की नाही म्हणा.' त्यांनी ते दोनदा वाचलं. विद्वान माणूस.

आवाज सोडला.

"नाही."

कमी केला.

"नाही."

बराच वेळ काहीच सोडलं नाही. तेही गप्प. मग डासाने कानगोष्ट करावी इतका बारीक सोडला.

"नाही!"

एकही आवाज चुकला नाही. तालाला माणूस पक्का होता.

"कान ठणठणीत आहेत," मी दार उघडून सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. बाईंचा मात्र उजळला.

"अगं बाई! म्हणजे तुम्ही नीट ऐकून आमच्या धाकट्या भावाला पहिला नंबर दिलात? आणि मी मेली समजत होते, कान गेले म्हणून दिलात!"

"अगं, तसं नाही..."

"तसंच! रिपोर्ट द्या हो. आत्ता समितीकडे जाते. धाकट्यालाही बोलावते. तिथेच गाईल, तुम्ही शेजारी उभे राहा!"

फोन लावत बाई बाहेर पडल्या. परीक्षकांनी हलक्या आवाजात मला विचारलं, "या खोलीला आतून कडी आहे का?"

"नाही," मी म्हटलं.