कोपरा फाटलेलं पाकीट

जवेरियाचा निकाह झाला ते वर्ष २०२३. कासम परकाराची ही धाकटी लेक. निकाहाच्या आदल्या दिवशी कुवेतच्या सालमियातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये घरातल्या सगळ्या मयतांच्या नावाने फातिहा झाली, आणि कासमची आई सुगरा आपल्या बापाच्या नावापाशी अडली. तिचं वय त्र्याऐंशी. छातीत पाणी झालेलं. डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते.

"सगळ्यांच्या कबरी मला ठाऊक आहेत," ती म्हणाली. "बावाची तेवढी शोधा. मग मी मोकळी."

तिचा बावा दाऊद. सुगरा दोन वर्षांची असताना तो खलाशी म्हणून बोटीवर चढला आणि अमेरिकेत उतरला. घराण्यातला पहिला अमेरिकन तोच. सत्तेचाळीस साली तिकडून एक इंग्रजी पाकीट गावात आलं. पाकिटाचा कोपरा फाटलेला होता. मयताच्या पत्राचा कोपरा फाडायचा ही आपल्याकडची रीत, त्यामुळे पाकीट हातात पडताच रडारड सुरू झाली. इंग्रजी वाचणारं गावात कुणी नव्हतं, आणि मयताचं पत्र उघडून वाचायचं तरी काय? सुगराची आई रबिया चार महिने दहा दिवस विधवेच्या इद्दतीत बसली. पुढे धाकट्या दिराशी तिचा निकाह लावून दिला. पाकीट मात्र तिने टाकलं नाही. कुराणाच्या हिरव्या गिलाफात शिवून ठेवलं. तोच गिलाफ सुगराबरोबर कुवेतला आला होता.

सासरी जायला महिना होता तेवढ्यात जवेरियाने फोनवर अमेरिकेची जुनी दप्तरं धुंडाळली. त्या नावाचे तीन दाऊद निघाले.

"दादी, अ‍ॅड्रेस पाहिजे. पाकिटात असेल."

"अमेरिकेच्या सरकारला माझा बावा माहीत, आणि आपल्या तलाठ्याला नाही!" सुगरा हसली आणि खोकत राहिली. "काढ रे कासम. चाळीस वर्षं अरबांचे कपडे उसवतोस, आज आजीचं उसव."

कासमचं जवळच शिलाईचं दुकान होतं. त्याने ब्लेडने एकेक टाका सोडला. पाकीट बाहेर आलं आणि त्याचा हात थांबला. फाटलेल्या कडेला पोस्टाच्या शिक्क्याचं अर्धं वर्तुळ उरलं होतं. रीतीचा कोपरा तिरका फाडतात. हा तिकिटाएवढा चौकोन होता. वाटेत कुणीतरी परदेशी तिकिटासाठी कागदच ओरबाडला होता.

आत चार कागद निघाले. जवेरिया वाचू लागली आणि मध्येच थांबली. बापाकडे बघत हळूच म्हणाली, "बाबा, ही इज अलाइव्ह. लेटरमध्ये ही इज अलाइव्ह."

दाऊदने ते कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. बाल्टिमोरच्या गोदीत काम मिळालंय. तुम्ही दोघी या, बोटीचं मी बघतो. पुढच्या ईदपर्यंत उत्तर आलं नाही, तर तुम्हाला यायचं नाही असं समजेन. खाली पत्ता होता. तो तिघांपैकी एकाशी जुळला. त्याच्या नागरिकत्वाच्या कागदावर लिहिलं होतं: बायको रबिया, मूल एक, सुगरा. तो एकटाच मेला होता. कबरीला नुसता नंबर होता.

कासमच्या डोळ्यांपुढे आजी उभी राहिली, पाच वेळा नमाज पढणारी. पहिला नवरा जिवंत असताना तिचा दुसरा निकाह लागला होता. म्हणजे तो निकाहच धरायचा नाही. त्यातून झालेला मामा अब्बासियात लेकाकडे राहायचा आणि दर शुक्रवारी बहिणीला भेटायला यायचा.

"काय लिहिलंय?" सुगराने विचारलं.

"मयत कळवलंय, मां. दफन नीट केलं म्हणतात."

सुगराने हात पुढे केला. कागद घेऊन अंगठ्याने मोजले. एक, दोन, तीन, चार.

"मयताचं पत्र दोन ओळींचं असतं, कासम."

जवेरियाला रडू फुटलं.

"बोलावलं होतं त्याने?"

"हो."

"मला पण?"

"तुझं नाव आहे, मां. सरकारी कागदावरही आहे."

"मग पुढे किती वर्षं जगला?"

"चोवीस."

सुगरा भिंतीकडे वळली.

"माझ्या भावाला सांगू नकोस," ती म्हणाली. "शिव ते परत."

कासमने जुन्याच भोकांतून सुई घातली, तरी शिवण वाकडी गेली. कबर कुठे आहे, हे सुगराने पुन्हा विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारी भाऊ आला, उशाशी बसला. ती त्याचा हात धरून पडून राहिली.

दाऊद ९ नोव्हेंबर १९७१ रोजी बाल्टिमोरला वारला. त्याची मुलगी सुगरा १७ फेब्रुवारी २०२३ रोजी, शुक्रवारी, सालमियात वारली.